फ्लेक्सवरची गोदूबाई

हिरामण पाटलाची एकच हौस राहिली होती. आपल्या साठीला, आपल्याच दारावर, आपलं नाव ठळक अक्षरांत झळकावं. अंजूर गावात आजवर लागलेल्या प्रत्येक फ्लेक्सवर तो शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत, टिकलीएवढ्या फोटोत उभा होता. माणसानं सोसायचं तरी किती?

लेक ऋतिका म्हणाली, यंदा काहीतरी वेगळं करू. तिनं गावकऱ्यांकडून, पाहुण्यांकडून बाबांबद्दल चार-चार ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवल्या आणि सगळ्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा, कमी आला तो बारीक, आणि सगळ्यांचा मिळून एक शब्दांचा ढग. हिरामणनं मान डोलावली. त्या ढगात सगळ्यात मोठं कोण असणार, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

साठीच्या सकाळी तो धामणकर नाक्यावर फेटा आणायला गेला आणि इकडे दारावर फ्लेक्स चढला. तासाभरात दिघाशीहून टेम्पोनं निघालेल्या मेव्हण्याचा, तुळशीरामचा फोन आला. तो हुंदके देत होता.

"दाजी, आमची गोदू गेली आन् मना सांगलं पन न्हाय? लोकांच्या मोबाइलवर बोर्डाचा फोटू बगायला लागला."

सकाळी तर हिरामणला याच गोदूनं, त्याच्या बायकोनं, ओवाळलं होतं. घरी फोन लावला, कुणी उचलेना. ऋतिकाचा सारखा बिझी. ओळखीच्या खालिदच्या रिक्षात तो कसाबसा बसला आणि झालेलं सांगितलं. खालिदनं नाक्याच्या गर्दीतून रिक्षा काढली आणि बाहीनं डोळे पुसले.

"माझी अम्मी हॉस्पिटलात होती ना शेट, चाचीनं पंधरा दिवस डबा दिला. एक दिवस पन चुकला न्हाय."

हिरामणला हे ठाऊकच नव्हतं. रोज एवढ्या भाकऱ्या कुणासाठी बडवतेस म्हणून आपण तिच्यावर खेकसलो होतो, तेवढं मात्र त्याला लख्ख आठवलं. त्याला रडू आवरेना.

दारात पन्नासेक माणसं उभी होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. वर फ्लेक्सच्या मधोमध हातभर अक्षरांत 'गोदूबाई', भोवती 'माया', 'आठवण', 'उपकार', 'भाकरी'. हिरामणचं नाव शोधून सापडत नव्हतं. आणि फ्लेक्सखाली खुद्द गोदूबाई चहाची किटली घेऊन भावाला झापत होती.

"मी मेली म्हून कोनी सांगलं तुला? आता आलाच हाव तर जेवून जा सगली."

हिरामण पायरीवरच बसला. ती समोर उभी राहून भांडते आहे, एवढ्यासाठी त्यानं देवाला हात जोडले.

ऋतिका ओशाळून जवळ आली. "बाबा, तुम्हाला कुणी दादा लिहिलं, कुणी शेट, कुणी मामा; आई मात्र बहुतेकांची गोदूबाईच. कॉम्प्युटरनं तुमचे सगळे वेगवेगळे मोजले. आता एकत्र केलेत, तुम्ही आईपेक्षा दोननं पुढे आहात. संध्याकाळपर्यंत नवीन छापून आणते."

हिरामणनं मोबाइल काढला. एका बोटानं बराच वेळ टाइप करून चार ओळी तिला पाठवल्या.

"हे पन घाल त्यात."

ऋतिकानं वाचलं. चार ओळींत गोदूबाई तीनदा होती.

"बाबा, आता तुम्ही एकनं मागे."

"मग छापतेस कशाला? हाच राहू दे," हिरामण म्हणाला. पण दिघाशीहून दुसरा टेम्पो गळे काढत येताना दिसला, तेव्हा त्यानं मार्कर मागवला, स्टुलावर चढला आणि फ्लेक्सच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'गोदूबाई सुखरूप आहेत. आत या, चहा झालाय.'