केळीच्या खांबाचे वैरी

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत एक रिक्षा येत असे. मागच्या आसनावर दोघे बसलेले असत : एक आमचे शेजारी नाना आणि दुसरा केळीचा ताजा तोडलेला खांब. नानांचा हात खांबाच्या खांद्यावर असे. आजारी मेहुण्याला दवाखान्यातून घरी आणावे तशा जपणुकीने ते त्याला उतरवून घेत, परसात वाळूच्या पोत्यांना टेकवून उभे करत आणि त्याच्यावर खडूने रानडुकराचा पुढचा पाय आखत. मग चहा घेत. चहा झाला की वीस पावलांवरून त्याला ठार मारत.

हे काम ते ज्या साधनाने करत त्याला लोक क्रॉसबो म्हणतात. नाना ‘औजार’ म्हणत. ते आयटीआयमध्ये लेथ शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे औजार त्यांनी स्वतःच घडवले होते : दस्ता सागवानाचा, कमान जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याची. औजार एका उन्हाळ्यात तयार झाले. बाण मात्र सहा वर्षे ठरत नव्हता.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. एवढ्या भांडवलावर मला सगळे कळते अशी नानांची समजूत होती आणि ती मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. परदेशी शिकाऱ्यांचे लेख ते मला मोबाइलवर वाचायला लावत आणि मी, ज्याने आयुष्यात झुरळही दुसऱ्याला मारायला सांगितले, तो त्यांना डुकराच्या खांद्यावरील चामट ढालीविषयी मराठीतून समजावत असे.

“म्हणजे नराची कातडीच चिलखत शे,” नाना म्हणत. “मंग हलका बाण चालणार नाही.”

अॅल्युमिनियमचा बाण त्यांनी नाकारला, कारण तो वाकला की पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. कार्बनचा हलका ठरला. बांबूविषयी त्यांचे मत कडवट होते. “बांबू इमानदार नही, सर. पावसाळात वाकस.” टोकाच्या पात्यांचा प्रश्न त्याहून बिकट. तीन पात्यांचे टोक रुंद जखम करते पण ढालीत अडते. दोन पात्यांचे आरपार जाते, पण पाते तिरके घासलेले हवे. लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचे एक टोक कुरिअरने आले, तेव्हा मला ते फार कल्पक वाटले. नानांनी ते दोनदा उघडून मिटले. “छत्री ऐन पावसात उघडत नाही, सर. हे तर डुक्कर शे.”

प्रत्येक टोक ते सराफ बाजारातल्या एका मारवाडी शेठकडे नेऊन सोन्याच्या काट्यावर तोलत. दोन टोकांत गुंजेचा फरक निघाला तर परत कानस. शेठ हसत, “नाना, डुकराला दागिना घालताय की मारताय?” नाना हसत नसत. त्यांचे म्हणणे एकच होते : घाव असा बसावा की जनावर चार पावलांत पडावे. चुकार बाण खाऊन ते नाल्यात तीन दिवस कण्हत पडले, तर ते पाप सोडणाऱ्याचे. “बाणले डोया शेतस,” ते म्हणत. बाणाला डोळे असतात. सोडणारा आधी पाहतो, मग सोडतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की त्याच्या अर्थाकडे माझे लक्ष राहिले नव्हते.

कॉलनीला नाना म्हणजे फुकटची करमणूक होती. रविवारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या जात. “नाना, खांब पळाला हो!” असे कोणी ओरडले की हशा पिके. त्या हशात मीही असे. तो शिष्टाचार होता, असे मी स्वतःला सांगत आलो आहे.

नानांची शेती शिंदखेडा तालुक्यात. ती त्यांचा पुतण्या गोकुळ कसतो. आईविना वाढलेल्या या मुलाला नानांच्या पत्नीने, नानींनी, सांभाळले. तो सहा वर्षांचा असताना नानी शेतात साप चावून गेल्या. हे सर्वांना ठाऊक होते. गेल्या पावसाळ्यात गोकुळ पिंप्राळ्याला आला आणि त्याने नानांच्या ओसरीवर एक पोते उपडे केले. मक्याची चघळून टाकलेली कणसे घरंगळत माझ्या पायापर्यंत आली.

“नाना, तुमचा बाण ठरेतोवर डुकरांच्या चार पिढ्या जेवून गेल्या,” तो म्हणाला. “दाणा भरतोय. गणपती उठायच्या आत तुमच्याकडून काही झालं नाही, तर मी तार ओढणार. मोटारीच्या खोलीतून करंट घेतो. बठ्ठं गाव तेच करतं.”

“तार नही,” नाना म्हणाले.

“मग मारा!”

“मारतो. पण तार नही.”

त्या दिवसापासून आम्ही वनखात्याच्या परवानगीच्या मागे लागलो. परवानगीशिवाय बाण सोडणे नानांना मान्य नव्हते. अर्ज मी लिहिला. इतका नेटका अर्ज मी स्वतःच्या निवृत्तिवेतनासाठीही लिहिला नव्हता. छापील नमुन्यात बंदुकीच्या क्रमांकाचा रकाना होता. तेथे नानांनी स्वहस्ते लिहिले : ‘बंदूक नाही. बाण.’ सोबत टोकाचा तांत्रिक आराखडा जोडला – समोरून, बाजूने आणि वरून. अनंत चतुर्दशीच्या दुपारी अर्ज परत आला. शस्त्राचा तपशील अपूर्ण होता.

बाहेरून ढोल-ताशे चालले होते. नाना पायरीवर बसून एक पाते दगडावर घासत होते. मी बराच वेळ शब्द जुळवले आणि शेवटी म्हणालो, “नाना, गोकुळला लावू द्या तार. सगळेच लावतात.”

दगडावरचा हात थांबला.

“तुमच्या नानीले साप नही चावना, सर,” ते म्हणाले.

तार त्यांनीच लावली होती. डुकरांसाठीच. नानींना ती ठाऊक होती. त्या तिच्यापासून लांब राहत. पण आदल्या संध्याकाळी नानांनी ती पूर्वेच्या बांधावर सरकवली. त्या बांधावरच्या कुंपणाला करटुली लागत आणि नानांना करटुल्यांची भाजी आवडे. पहाटे, नाना खटका बंद करायला उठण्याआधी, नानी टोपली घेऊन गेल्या. पोलीस येतील या भीतीने नानांनी तार गुंडाळली आणि मग गावाला हाक मारली. साप म्हणाले. गावाने मान डोलावली. गावातही तारा होत्याच.

“तिले सांगानं रही गयं,” नाना म्हणाले. तिला सांगायचे राहून गेले. “एवढंच. सांगानं रही गयं.”

दुसऱ्या दिवशी ते शेतावर निघाले आणि मला म्हणाले, “सर, तुम्ही सोबत या. नाहीतर मी पुन्हा साप म्हणेन.”

आम्ही पोहोचलो तेव्हा गोकुळ तारेचे वेटोळे सोडत होता. नानांनी उभ्याउभ्याच सांगितले. गोकुळ ऐकत राहिला. त्याच्या हातातली तार हळूहळू जमिनीवर टेकली. मला वाटले, झाले, सुटलो.

“मी आजवर दिसेल तो साप ठेचला, नाना,” तो अखेर म्हणाला. “बिनविषारीही. तिच्यासाठी. तुम्ही शाबासकी द्यायचे.”

नाना तार उचलायला वाकले.

“आता मका उभा असताना सांगताय.” गोकुळने तार पुन्हा उचलली. “तोडणीपर्यंत राहील. मी गावभर सांगून ठेवलंय, माझ्याकडून कोणी मरणार नाही.”

मी तेथे होतो. दोघांच्याही वतीने बोलता येईल इतकी भाषा माझ्यापाशी होती. मी एसटीची वेळ विचारली.

नाना परतले नाहीत. रविवारी रिक्षा येईनाशी झाली. गच्चीवरच्या खुर्च्या एक-दोन आठवडे मांडल्या गेल्या, मग त्याही उचलल्या. पंधरा दिवसांनी मला राहवले नाही. सोनगीरवरून गाडी बदलून दिवेलागणीच्या सुमारास मी शेतावर पोहोचलो.

आधी मला बाण दिसले. सहा वर्षांत घासलेले, तोललेले, नाकारलेले ते सारे बाण बांधावर तारेच्या अलीकडे ओळीने रोवलेले होते. टोके मातीत होती. वरच्या टोकांना कुठल्याशा जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या, दुरून दिसाव्यात म्हणून. बेइमान बांबूही त्यांत होता.

मग आवाज आला. पितळी ताटावर पळी आपटल्याचा, आणि मागोमाग नानांचा : “तार शे! तार शे हो!” वाटेवर कोणीतरी असेल म्हणून मी पाहिले. वाट रिकामी होती. वस्तीवरची एक बाई मला म्हणाली, “म्हातारा दिवस बुडाला की असा वरडतो. बठ्ठ्यास्ले माहीत शे तरी.” सगळ्यांना ठाऊक असूनही.

मी जवळ गेलो. नाना पूर्वेच्या बांधावर उकिडवे बसले होते. औजार कुठेच नव्हते. तारेपलीकडच्या नाल्यातून एक डुकरीण वर आली होती, मागे रेघारेघांची चार पिल्ले. ती सरळ तारेकडे चालली होती. वीस पावलेही नसतील. पुढचा पाय, त्यामागची ती जागा, सारे खडूने आखल्यासारखे दिसत होते.

नाना उठले आणि त्यांनी जिवाच्या आकांताने ताट बडवले.

“सरक, माय, सरक!” ते ओरडले. “तार शे वं! तार शे!”