निदालचं एकुलतं एक बटण

आमच्या जबल अल-वेबदेह टेकडीच्या चढावर, कुणाचा छदामही न घेता सॉफ्टवेअरची कंपनी चालवणारी दोनच माणसं होती: निदाल आणि मी. निदालचं सॉफ्टवेअर बेकऱ्यांसाठी होतं. उद्यासाठी पीठ किती मळायचं, एवढंच ते सांगायचं आणि त्याला बटणही एकच होतं. माझं दवाखान्यांसाठी होतं. त्यातली काही बटणं कशासाठी आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं. निदालच्या त्या एका बटणावर माझा जीव जडला आणि मी त्याच्या कंपनीत पैसे गुंतवायचं ठरवलं.

"नको रे भावा," निदाल म्हणाला. "पैसे घेतले की ऐकून घ्यावं लागतं."

"मी एक अक्षर बोलणार नाही."

"मग पैसे देतोस कशाला?"

प्रश्न उद्धट होता, त्यामुळे रीतसर मार्ग पत्करावा लागला. मुलीला मागणी घालायची असो वा भांडण मिटवायचं असो, आमच्याकडे वडीलधाऱ्यांची जाहा, म्हणजे शिष्टमंडळ, न्यायची पद्धत आहे. यजमान कॉफी देतो, जाहाचा म्होरक्या पेला खाली ठेवतो आणि मागणी मान्य होईपर्यंत कुणी घोट घेत नाही. पाहुणे तसेच उठून गेले तर यजमानाला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. माझे काका अबू मुहन्नद, निवृत्त ब्रिगेडियर, निदालकडे गेले आणि पेला ठेवून म्हणाले, "बेटा, आमच्या रामिझचे पैसे पदरात घे. मुलगा गुणी आहे."

निदालने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. "प्या काका, कॉफी प्या," तो म्हणाला.

मी शब्द पाळला. बटण हिरवं असावं असं वाटलं, तेव्हा मी एक अक्षर बोललो नाही, काकांना पाठवलं. केकसाठी वेगळं बटण हवं होतं, तेव्हाही काकाच गेले. पुढे, पाव खाणारेच कधी ना कधी आजारी पडतात हे लक्षात घेऊन, सहकार्याच्या भावनेतून त्याचं सॉफ्टवेअर माझ्या दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरला जोडण्यात आलं.

जाहा नेली की हवं ते बटण मिळतं, ही सोय बेकरीवाल्यांच्या कानावर गेली. झर्का शहरातल्या बेकरीवाल्या उम्म तैसीर भावांना घेऊन आल्या आणि लग्नाच्या ऑर्डरींसाठी बटण घेऊन गेल्या. त्यांच्या शेजारचा बेकरीवाला त्याहून मोठी जाहा घेऊन आला आणि त्याने ते बटण काढून टाकण्याची मागणी मान्य करून घेतली. दोन्ही शब्द पाळायचे म्हणून ते बटण एक दिवसाआड दिसू लागलं. कंपनीची पहिली नोकरभरती झाली ती कॉफी करणाऱ्याची.

रमजान लागला. कतायफ या रमजानच्या गोड पदार्थासाठी बेकऱ्यांपुढे रांगा लागल्या आणि पीठ किती मळायचं हे सांगणारं बटण कुणालाच सापडेना. उम्म तैसीरना सॉफ्टवेअर रक्तगट विचारत होतं. त्यांनी अंदाजाने मळलं. इफ्तारला अर्धी गल्ली रिकाम्या हाताने घरी गेली. त्यांचा फोन ठेवल्यावर निदाल लहान मुलासारखा रडला. मलाही वाईट वाटलं, अगदी मनापासून.

दुसऱ्याच दिवशी, इफ्तारनंतर, तो माझ्या दारात आला. जाहा घेऊन. पुढे माझेच काका.

मी कॉफी दिली. काकांनी पेला खाली ठेवला. "रामिझ, तुझे पैसे परत घे आणि याच्या कंपनीतून बाहेर पड. पोराला त्याचं एक बटण परत हवंय."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"बोल ना भावा," निदाल म्हणाला. "एवढं म्हण, कॉफी प्या."

पण मी एक अक्षरही बोलणार नाही असा शब्द दिला होता आणि शब्दाला मी पक्का आहे. कॉफी गार झाली. काका उठले, पाठोपाठ सगळे उठले. निदाल सर्वांत शेवटी गेला.

आता मी हलकट आहे असं तुम्हाला वाटत असेल. शिवाय या गोष्टीचा शेवट थोडा वेगळा हवा होता, मधे एखादा प्रसंग वाढवायला हवा होता, अशी एक छोटीशी सूचनाही तुमच्या मनात आली असेल. अर्थात सहकार्याच्या भावनेतूनच. संकोच करू नका. चार वडीलधारे घेऊन या. कॉफी तयार आहे.