मकलमसाहेबांचे उंच पुलाची हकीकत

॥ श्री ॥ नदीस नमन, आणि नदीपुढें शहाणे म्हणविणारांसही लांबूनच नमन. शके १७९१ शुक्लनाम संवत्सरीं, कार्तिक मासीं, स्काटलंड म्हणून विलायतेंत थंड डोंगरी मुलूख आहे तेथील आंगस मकलमसाहेब, पूल बांधणारे, आमचे राज्याचे चाकरीस आले. वय साठीस टेकलेलें. पूर्वीं तीन राज्यांत पूल बांधिले, एका राज्यांत हिंवतापानें बायको गेली, आणि मग साहेब फार थकले होते. म्हणाले, "हा शेवटचा. धड बांधूं आणि घरीं जाऊं." मग पुलाची उंची ठरवावी तर थोरल्या पुराची खूण पाहिजे, म्हणून पाटलास बोलाविलें. पाटील बोलिला, "पाणी मारुतीच्या पायांस लागून माघारीं फिरलें, सायेब." साहेबांनीं नदीकांठच्या देवळांत देवाचे पाय पाण्यापासून किती उंच तें मोजिलें आणि तीच उंची धरिली, आणि दोन वर्षें काम चाललें, आणि खांब उभे राहिले, आणि कमानी वळूं लागल्या, तों चिमाई गुरवीण, त्याच मारुतीची पूजा करणारी म्हातारी, काठी टेकीत आली आणि म्हणाली, "अवो सायेब, पूर आला तवा द्येव हितं न्हवता की! वर टेकाडावर व्हता. मामंजींचं गुडघं दुखाया लागलं, मग खाली आनला." साहेब म्हणाले, "बाई, आधीं कां नाहीं सांगितलेंत?" ती म्हणाली, "मला कुनी इचारलंय? तुमी पाटलाला इचारलं."

मग टेकाड मोजिलें तों बारा हात वर. साहेब दरबारीं उभे राहून बोलिले, "चूक माझी. देव मोजिला, देवाची जागा विचारिली नाहीं. बारा हात चढविल्याशिवाय पूल होणार नाहीं." दिवाणजी म्हणाले, "गुरवाच्या गुडघ्यापायीं राज्याचा पूल उंच करावा? लोक हंसतील हो!" साहेब म्हणाले, "हंसोत. बुडूं नयेत." मग दिवाणजी रागें भरून हुकूम देते झाले, कीं उंच करावा, पण काम होतांच निघावें, आणि शिलालेखीं साहेबांचें नांव घालूं नये. साहेब बरें म्हणाले, आणि कमानी उतरवून पुन्हां बांधिल्या, आणि मुकाट्यानें स्वदेशीं गेले. पुलाचा चढ असा झाला कीं बैलांच्या तोंडास फेंस येई, आणि गाडीवान साहेबांच्या सात पिढ्या उद्धरीत. आम्हीही उद्धरिल्या, खोटें कां बोलावें?

पुढें दर आश्विनांत साहेबांचें पत्र येई, "पाणी कोठवर आलें?" जाब लिहिणें दरबारचे लेखक म्हणून आमचे गळ्यांत. सात वर्षें एकच लिहिलें, "खालींच." आठवे वर्षीं अक्षर कांपरें आलें, आणि त्यांत होतें, "माझे हातून पूल उगाच उंच झाला काय?" तें वाचून, म्हातारा सुखानें डोळे मिटो म्हणून लिहिलें, "थोरला पूर आला, पाणी कमानीखालीं हातभर राहिलें, पूल तरला, साहेबांचा जयजयकार जाहला." मग उत्तर आलें. त्यांत पुलाचा शब्द नाहीं. "पाणी इतकें चढलें, तर चिमाईचें घर गेलें असेल. ती वांचली काय? खालच्या आळींतील किती गेलीं? एकेकाचें नांव कळवा. पूल उंच केला, घरें वर नेवविलीं नाहींत, हें माझ्या जिवास खातें. झोंप येत नाहीं." शिव शिव! हें काय करून बसलों! उभ्या उभ्या जाब लिहिला, "पूर आला नाहीं. आम्हीं खोटें लिहिलें. चिमाई धडधाकट आहे, पुलाच्या चढास रोज शिव्या देते. क्षमा असावी." चार महिन्यांनीं तो लखोटा न फोडतां परत आला. वर लिहिलेलें, घेणारे वारले.

सारांश, पूल उभा आहे, पूर अद्याप नाहीं, आणि त्या पाण्यांत आजवर कोणी बुडालें नाहीं. बुडाले ते एकटे साहेब, आम्हीं कागदावर आणिलेल्या पुरांत.