अर्ध्या दाढीची बॅच

सलूनवाल्याने सकाळीच दादाला सांगून टाकलं होतं, "आज शेवटचं. उद्यापासून परत दुकानात येतो." कोडिंग अवघड होतं हे खरं, पण तो पळ काढत होता तो कोडिंगच्या वर्गातल्या शांततेपासून. दोघा भावांच्या सलूनमध्ये त्याची जीभ दिवसभर कात्रीच्या पुढे धावायची. इथे, वय झाल्यावर नवं काम शिकायला आलेल्यांच्या या वर्गात, त्याचा चौघांचा गट एका टेबलाभोवती हेडफोन लावून बसायचा आणि एकमेकांकडे लिफ्टमधल्या अनोळखी माणसांसारखा बघायचा.

त्या दुपारी कंपनीचे पाहुणे येणार होते. गटाने केलेलं, दवाखान्यात नंबर लावायचं इंटरनेटवरचं पान त्यांना दाखवायचं होतं आणि बोलायचं होतं गटातल्या दाढीवाल्याने. जेवणाच्या सुट्टीत तो बिचारा दाढी ओढत येरझाऱ्या घालत होता. ती अस्ताव्यस्त दाढी बघून सलूनवाल्याचे हात शिवशिवले.

"राग नसेल तर कडा जरा सारख्या करून देऊ? मशीन बॅगेत असतं माझ्या."

"तुम्हाला येतं?"

"आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

मशीन सुरू झालं आणि त्याबरोबर सलूनवाल्याचं तोंडही. बोलण्याच्या भरात कडा कधी संपल्या आणि गाल कधी सुरू झाला, हे दोघांनाही कळलं नाही. डावा गाल आरशासारखा लख्ख झाला. "आता दुसरीकडेही असंच करावं लागणार," असं तो म्हणतोय तोच मशीनने मान टाकली.

"हलू नका!" म्हणत तो टेबलाखाली शिरला, हाताला लागला तो प्लग उपटला आणि स्वतःचा खुपसला. वरून किंकाळी आली.

"गेलं! सगळं गेलं!"

बँकेतून निवृत्त झालेले काका काळ्याठिक्कर पडद्याकडे बोट दाखवत होते. इतक्या दिवसांत खोकल्यापलीकडे त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. गटाचं पान त्यांच्याच कॉम्प्युटरवर होतं.

"सेव्ह केलं होतं ना?" सिस्टरने हेडफोन काढून विचारलं. ती नर्सची नोकरी सोडून आली होती.

"सगळं झालं की एकदमच करणार होतो!"

"घाबरू नका काका," टेबलाखालून आवाज आला. "पुन्हा लिहून काढू. तुम्हाला तर सगळं येतं."

"मला कुठलं येतंय? मी खिडकीच्या काचेत तुमचा स्क्रीन बघून लिहायचो. उलटं दिसतं, म्हणून माझ्या चुका जरा जास्त."

सलूनवाल्याचं डोकं खालून टेबलाला आपटलं. "माझा? अहो, मी या दाढीवाल्याचं बघून लिहायचो!"

"आणि मी सिस्टरचं," दाढीवाला पुटपुटला.

सगळे सिस्टरकडे वळले. ती लालबुंद झाली. "मी काकांचं. म्हटलं, एवढे गप्प बसतात म्हणजे हुशार असणार."

"मग इतके दिवस आपण चौघं लिहीत होतो, ते होतं तरी काय?" सलूनवाल्याने डोकं चोळत विचारलं.

आधी सिस्टर फिस्सकन हसली, मग काका खोकत खोकत हसले आणि दाढीवाला खुर्चीवरून घसरलाच.

मग ज्याला जेवढं येत होतं तेवढं त्याने कबूल केलं. सिस्टरला बटण करता येत होतं. काकांना नंबर वाढवता येत होता, दाढीवाल्याला फक्त कमी करता येत होता. सलूनवाल्याला रंग देता येत होते. ठिगळाला ठिगळ जोडत, एकमेकांवर ओरडत काम सुरू झालं. मध्येच दादाचा फोन आला, "उद्या लवकर ये रे."

"उद्या? इथे किती काम पडलंय माहितीये?" म्हणून सलूनवाल्याने फोन ठेवला. आपण काय बोललो ते त्याला ठेवल्यावर कळलं.

सर पाहुण्यांना घेऊन आत आले, तेव्हा पान कसंबसं उभं होतं. उजवा गाल मात्र सगळेच विसरले होते. सिस्टरने दाढीवाल्याला खांद्याला धरून फिरवलं आणि दाढी पाहुण्यांच्या बाजूला केली. पाहुणे साहेब तिथेच बसले. पाहुण्या बाई मात्र उजेडासाठी पलीकडे, खिडकीपाशी गेल्या. त्यांनी प्रश्न विचारला, दाढीवाला वळला आणि साहेबांच्या देखत त्याची दाढी नाहीशी झाली. साहेबांना चहाचा ठसका लागला.

"पाच नंबरनंतर चार कसा आला?" बाईंनी विचारलं.

"तातडीचा पेशंट आला, मॅडम!" सिस्टर म्हणाली.

"आणि पान एकदम बंद पडलं ते?"

"डॉक्टर जेवायला गेले," काका म्हणाले.

"आणि ही दाढी?"

"काम चालू आहे," सलूनवाला नम्रपणे म्हणाला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. "पान काही धड चालत नाही तुमचं. पण एकाचं चुकलं की बाकीचे कसे धावून येतात! असा गट मी अजून पाहिला नाही. कधीपासूनची मैत्री?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. काकांनी घसा साफ केला.

"जेवणाच्या सुट्टीपासूनची."