मिलोची पांढरी भाकरी

एक्कावन्न सालच्या वैशाखात एका दुपारी त्र्यंबकराव करमरकरांनी आपला जेवणाचा डबा साहेबांसमोर उघडायचं ठरवलं. तोवर त्यांच्या आयुष्यात स्वतः ठरवण्यासारखं फारसं काही आलंच नव्हतं. लग्न वडिलांनी ठरवलं होतं, नोकरी मामांनी आणि कल्याणात पारनाक्याजवळच्या दोन खोल्यांत नळाला पाणी किती वेळ यावं हे घरमालकाने.

त्र्यंबकराव कचेरीत पुरवठा शाखेला कारकून होते. सकाळी ते खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना लेव्हीच्या नोटिसा लिहीत. म्हणजे यंदा पिकलेल्या भातातलं अमुक इतकं सरकारी गोदामात आणून घाला, असं कळवीत. आणि दुपारी शहरातल्या लोकांच्या रेशनकार्डांवर शिक्के मारीत. एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायचं हे काम आपण अगदी तराजूच्या काट्यासारखं करतो, अशी त्यांची समजूत होती, आणि ती खरीही होती. मेहुण्याच्या मुंजीत जेवणाऱ्यांची संख्या टंचाईच्या सरकारी हुकुमात ठरवलेल्या आकड्यापेक्षा एकाने जास्त भरली, तेव्हा ते स्वतः पानावरून उठले होते. (जिलबी तेव्हा यायचीच होती. हे त्यांनी नंतर मंदाकिनीबाईंना तीन-चार वेळा सांगितलं.)

त्या साली रेशनवर तांदूळ नावापुरता मिळे आणि बाकी सगळा मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून बोटीने आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटे, तव्यावर फाटे आणि पोटात गेल्यावर दगडासारखी बसे. कचेरीत रोज तक्रारी येत. खडवली गावच्या रेशन दुकानात तर मिलोची पोती तशीच पडून होती. बिगरशेती कार्डवाले ती घ्यायला तयार नव्हते, आणि वरून विचारणा आली होती की उचल का होत नाही.

वागळे साहेब डोक्याला हात लावून बसले होते. तेव्हाच त्र्यंबकरावांनी डबा उघडला.

"साहेब, लोकांना करता येत नाही, म्हणून नावं ठेवतात. ही बघा आमच्या घरची मिलोची भाकरी."

भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, पापुद्रा सुटलेली. साहेबांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि दुसरा मोडला.

"हा मिलो?"

"आमची मंडळी चुन्याच्या निवळीत भिजवतात. लाली पार उतरते."

साहेबांनी उरलेली भाकरीही संपवली. मग म्हणाले, "करमरकर, येत्या रविवारी खडवलीला जाऊ. वहिनींना घेऊन या. त्या गावासमोर करून दाखवतील."

त्र्यंबकराव संध्याकाळी उपाशीपोटी आणि भरल्या छातीने घरी आले. मंदाकिनीबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली शेंग न सोलताच सालांमध्ये टाकली.

"अहो, तो मिलो नव्हता."

"कुठला?"

"तुम्ही खाता तो. चार महिने. ते तांदळाचं पीठ आहे."

"पण तू म्हणालीस, चुन्याच्या निवळीत..."

"म्हणाले. तुम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा येत नाही, म्हणून म्हणाले. पहिल्या आठवड्यात नीलाचं पोट किती बिघडलं होतं आठवतंय? डॉक्टर म्हणाले, पोरीला भात द्या. मी काय, डॉक्टरांना तुमच्या कचेरीत पाठवू?"

नीला त्यांची आठ वर्षांची मुलगी. त्या आठवड्यात तिचे गाल बसले होते हे त्र्यंबकरावांना आठवत होतं. ते खाली बसले.

"तांदूळ आणलास कुठून?"

"भाजीवाली आणते. टोपलीत खाली तांदूळ, वर भाजी. तिला मी मापाला दुप्पट मिलो देते."

"म्हणजे चार महिने मी लेव्हीचा तांदूळ खातोय?"

"लेव्हीचा कसा असेल? लेव्ही चुकवलेला."

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. "कोण ती बाई?"

"आवडाबाई. खडवलीची."

"काळुराम भोईरची बायको?"

"तुम्ही ओळखता?"

"त्याची नोटीस मीच लिहिली," त्र्यंबकराव म्हणाले. "दोनदा. पहिली त्याने परत पाठवली होती."

मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण भात पिकवणाऱ्या बाईला मिलो कशाला हवा?"

"लेव्ही घालून आणि कसायला घेतलेल्या जमिनीचा खंड मालकाला देऊन उरतं ते शिमग्यापर्यंत पुरत नाही म्हणे. घरात सात माणसं. एक माप तांदूळ एक वेळ पुरतो, दोन मापं मिलो दोन वेळा. तिचा हिशेब तुमच्या कचेरीपेक्षा सोपा आहे."

मधल्या तीन दिवसांत त्र्यंबकरावांनी राजीनाम्याचा अर्ज तीनदा लिहिला. तिन्ही वेळा कारणाच्या ओळीशी अडले. खरं कारण लिहावं तर आवडाबाईच्या घरी झडती जाणार, खोटं लिहावं तर हात वळत नव्हता. शेवटी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं आणि सदऱ्याच्या खिशात घडी करून ठेवलं.

रविवारी खडवलीच्या मारुतीच्या देवळापुढे सगळं गाव जमलं. मधोमध तीन दगडांची चूल, परात, तवा आणि मिलोचं पीठ. चुन्याच्या निवळीची युक्ती गावाला सांगून वागळे साहेब खुर्चीवर. त्र्यंबकराव खुर्चीमागे, एक हात सदऱ्याच्या खिशावर.

मंदाकिनीबाईंनी पदर खोचला आणि पीठ मळलं. पहिली भाकरी हातातच दुभंगली. दुसरी परातीतून उचलताना चार तुकडे झाली. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचा चुरा झाला. पुढे बसलेल्या बायका पदराआडून हसू लागल्या. साहेबांनी मागे वळून त्र्यंबकरावांकडे पाहिलं.

"विस्तवाचा दोष असेल," त्र्यंबकराव म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून एक काळीसावळी, ठेंगणी बाई पुढे आली आणि मंदाकिनीबाईंच्या शेजारी उकिडवी बसली.

"सर बाय. तुला आमची चूल नाय जमायची."

ती आवडाबाई. तिने आधणाचं पाणी मागितलं, त्यात पीठ घालून उकड काढली, मूठभर नाचणीचं पीठ घातलं आणि मळू लागली. मळतामळता हळूच म्हणाली, "चुन्याचं कोनी सांगितलं गं?"

"मीच," मंदाकिनीबाई पुटपुटल्या.

"बरी हाय तू," आवडाबाई म्हणाली.

भाकरी लालच झाली, पण अखंड झाली. फुगलीसुद्धा. साहेबांनी ठेच्याबरोबर खाल्ली, गावातल्या म्हाताऱ्यांनी खाल्ली आणि बिगरशेती कार्डवाल्यांनी आपसांत तुकडे वाटून घेतले. कुणी वाईट म्हणालं नाही. साहेब खूश झाले. आणि खूश झालेल्या साहेबांना प्रश्न सुचतात.

"बाई, हात अगदी बसलाय तुमचा. तुम्ही कार्डवाल्या का?"

"नाय, आमच्या नावावर शेती हाय. आमाला कार्ड नाय देत."

"मग मिलो कुठून आणता?"

आवडाबाईचा हात तव्यावर थांबला. तिचा नवरा काळुराम देवळाच्या पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला. मंदाकिनीबाई चुलीत बघत राहिल्या.

त्र्यंबकरावांनी खिशातला अर्ज चाचपला. मग ते खुर्चीमागून पुढे आले. जन्मात पहिल्यांदाच ते खोटं बोलणार होते, आणि सराव नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलले.

"मी दिला, साहेब. माझ्या कार्डावरचा. नमुना म्हणून. प्रयोगाकरता."

"तुमच्या घरचा कोटा? मग तुम्ही काय खाल्लंत?"

"कमी खाल्लं."

साहेबांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. त्र्यंबकरावांनी ते शक्य तेवढं आत घेतलं.

"आणि बदल्यात यांच्याकडून काय घेतलंत?"

त्र्यंबकरावांच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला.

"काही नाही, साहेब. यांच्याकडे तांदळाखेरीज घेण्यासारखं काय असणार? आणि मला भात आवडत नाही."

"आवडत नाही?"

"लहानपणापासून. वासही सहन होत नाही. आमच्या घरी मिलोच चालतो."

रोज पानावर पहिला वरणभात कालवणारे आपले यजमान हे बोलताना ऐकून मंदाकिनीबाईंनी चुलीत एक लाकूड उगीचच सारलं. धूर झाला. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग काळुराम बोलला. तो सावकाश बोलणारा माणूस होता.

"साहेब, इचारलंत म्हनून सांगतो. आमचा भात गाडीत भरून कल्यानला जातो. आमी तो अडवत नाय. शेरातल्या गरिबानं पन जेवलं पायजे. पन दुकानात गेलो तर दुकानदार म्हनतो, तू शेतकरी, तुला कार्ड नाय. आन् घरी भाताच्या कनगीत हात घातला तर कनगी म्हनते, तू कसला शेतकरी. मंग आमी हाय तरी कोन, तेवढं कागदावर लिवून द्या."

वागळे साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिथेच एक कागद मागवला. ज्यांचं उरलेलं भात नव्या पिकापर्यंत पुरत नाही अशा खातेदारांना मधल्या महिन्यांपुरतं मिलोचं कार्ड द्यावं, अशी शिफारस करायचं ठरलं. कुणाकुणाला, ते गावाने नावानिशी सांगितलं आणि त्र्यंबकरावांनी झाडाखाली बसून लिहून घेतलं. बत्तीस घरं झाली. कागद संपला, तेव्हा त्यांनी खिशातला अर्ज काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर शेवटची नऊ नावं लिहिली.

परत जाताना साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"करमरकर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं चाललंय. तुमच्या कार्डावरचा तांदूळ मी गरजू कुटुंबाकडे वळवतो. तुम्हाला पूर्ण मिलो. तुमचीही तीच इच्छा असेल."

"हो तर," त्र्यंबकराव म्हणाले. दुसरं काही म्हणायला जागा नव्हती. नीलाच्या नावचा तांदूळ मात्र त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठेवून घेतला. तेवढा एक अर्ज त्यांना पहिल्या झटक्यात जमला.

आषाढ लागायच्या आत खडवलीला बत्तीस कार्डं गेली. आवडाबाई भाजी घेऊन येत राहिली, पण टोपलीत आता खालपर्यंत भाजीच असे. आता तिला मिलो दुकानातून मिळत होता, मग घरातला तांदूळ बाहेर काढायचं कारण उरलं नव्हतं. तिने मंदाकिनीबाईंना उकड काढायला शिकवलं. भाकरी अखंड होऊ लागली. त्र्यंबकराव ती रोज खात. बायको समोर बसलेली असे, म्हणून मान हलवीत. नीलाच्या पानावरचा भात बघायचा नाही, असा त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला आणि तो बहुतेक दिवस पाळला.

"थोडा घ्या ना, बाबा," ती म्हणे.

"मला आवडत नाही, बाळ," असं म्हणताना त्यांना अलीकडे सरावामुळे काही वाटत नसे.

दिवाळी झाली. खेड्यांवर भाताची झोडणी उरकली. एका रविवारी सकाळी काळुराम आणि आवडाबाई दारात उभे राहिले, आणि काळुरामच्या डोक्यावर एक तोंड शिवलेलं, भरलेलं पोतं होतं. त्र्यंबकराव खुर्चीवरून उठले. पोत्याकडे पाहताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. लेव्ही, धान्याची हद्दबंदी, सगळे हुकूम त्यांना ओळीने आठवले, आणि त्यांतला एकही आज लागू करायचा नाही असं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

"अहो, हे कशाला?" ते म्हणाले. हात मात्र पोतं उतरवून घ्यायला पुढे झाला होता.

"गावाचं हाय, साहेब," काळुराम म्हणाला. "बत्तीस घरांतून आलंय. तुमी पोटाला चिमटा घेऊन आमाला दिलंत, ते गाव इसरलं नाय."

मंदाकिनीबाई आतून चहा घेऊन आल्या त्या पोतं बघून थबकल्या. नीलाही धावत आली.

"ही म्हनत हुती, नवा तांदूळ देऊ," काळुरामने आवडाबाईकडे बोट दाखवलं. "मी म्हटलं, येडी का काय तू. साहेबांना वास सोसत नाय, आख्ख्या गावासमोर बोललेत. परत कायद्याचं मानूस. तांदूळ नेला तर अपमान हुईल."

आवडाबाई दाराच्या चौकटीला टेकून मंदाकिनीबाईंकडे बघत होती. तिने फक्त खांदे उडवले.

"आता घरोघरी नवा भात आलाय," काळुराम पोत्यावर प्रेमाने थाप मारत म्हणाला, "मिलोला कोन हात लावतंय. मंग सगल्यांनी उरलेला गोला केला. दोन मन भरला. आन् संपला तर कलवा, साहेब. पुढच्या खेपेला आमच्या कार्डावरचा बी सगला तुमचाच."