लोहोकऱ्यांच्या शेवटच्या नळाचा दाब

“लोहोकऱ्यांच्या शेवटच्या नळाला म्हणे रक्तच येत नाही, म्हणून नलिनी त्यांना सोडून—” एवढं शकूताईंच्या कानावर पडलं आणि पिठाची गिरणी सुरू झाली.

बोरखेडीत पाण्याबरोबर रक्तही नगरपालिकाच सोडते. घरागणिक पाण्याचं कनेक्शन, माणसागणिक रक्ताचं. त्यामुळे शकूताईंना नवल वाटलं ते फक्त नलिनीचं. दळण तिथेच ठेवून, विरजण मागायच्या निमित्ताने त्या शेजारच्या लोहोकऱ्यांकडे गेल्या.

दारात नलिनीची भरलेली बॅग. आत नगरपालिकेचे, नळ सोडणारे चावीवाले मुजावर अर्ज भरत होते.

“तक्रार कुठल्या नळाची?”

नलिनीचे यजमान प्रभाकरराव पंख्याकडे बघत म्हणाले, “शेवटच्या. खालच्या.”

“सहा महिने झाले,” नलिनी म्हणाली. “मला वाटलं, ह्यांचं माझ्यावरचं मनच उडालं. मी चालले भावाकडे.”

“वहिनी, मनाचा विभाग वेगळा. ही तक्रार पुरवठ्याची आहे,” मुजावर म्हणाले. “साहेब, मोटार लावलीत का?”

“छे!”

“असं काय करता?” शकूताईंना राहवेना. “परवाच तर आणलीत, सायकलवर, टॉवेलात गुंडाळून!”

बोरखेडीत दाब कमी झाला की जो तो गुपचूप मोटारच लावतो. मुजावरांनी सुस्कारा सोडला. “पाइपात गाळ बसल्यावर मोटार काय ओढणार? सिगारेट, साखर, तूप, सगळं साठतं. ती लाइन बारीक, म्हणून आधी तुंबते. तोच गाळ मग छातीच्या लाइनीत निघतो. जिना चढताना काही होतं?”

“जरा आवळल्यासारखं होतं छातीत. पण थांबलं की जातं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?” नलिनी ओरडली.

“अगं, नळाचंच सांगायची लाज वाटत होती. छातीचं कुठे काढू?”

मुजावरांनी अर्जावर ‘अतितातडीचे’ असा शिक्का मारला. “मोटार काढा. आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या दवाखान्यात जा, हृदयवाल्या डॉक्टरांकडे.”

नलिनीने बॅगेतल्या आपल्या दोन साड्या काढल्या, नवऱ्याचे दोन पायजमे कोंबले आणि त्यांचा हात घट्ट धरून त्यांना रिक्षात बसवलं. “उडालं नाही ना मन?” तिने सगळ्यांदेखत विचारलं.

प्रभाकररावांचे कान लालबुंद झाले. मुजावरांनी वाकून पाहिलं आणि अर्जात लिहिलं : कानांचा पुरवठा सुरळीत.

शकूताई गिरणीत परतल्या. “नलिनी निघाली, हे खरं,” त्या बायकांना म्हणाल्या. “पण त्यांना घेऊन.”