डुलक्यांचा ठराव

रमजानातल्या दुपारी ठराव करू नयेत, एवढी अक्कल स्फाक्स शहरात मांजरांनाही आहे. कचेरीचे मालक सी लमीन, म्हणजे लमीनसाहेब, यांना मात्र तीच वेळ पसंत. उपाशी माणूस फाटे फोडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे एक प्रोग्राम होता. गावोगावचा सूर्यास्त काढून तो मशिदीच्या मिनारावरचा हिरवा दिवा लावी, मग लोक रोजा सोडत. प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत लिहिलेला. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी येई, पण जुने संगणक जुन्यालाच चिकटून बसत. म्हणून प्रत्येक बदल कचेरीतल्या सुंदुसला सगळ्या जुन्या आवृत्त्यांवर चालवून बघावा लागे. यात तिच्या सुट्ट्या गेल्या. जेर्बा बेटावरच्या ताईला बाळ झालं, ते रांगायला लागलं, तरी मावशीने त्याला पाहिलं नव्हतं.

"सगळ्यात जुनी आवृत्ती सोडून देऊ. मला ईदेला जेर्बाला जायचंय," ती म्हणाली.

"कुणाकुणाला मान्य?" सी लमीननी विचारलं.

पंखा फिरत होता, खिडकीतून समुद्राचा ओला वारा येत होता. सगळ्यांच्या माना हळूच खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. सुंदुसने नवा प्रोग्राम लगेच पाठवून दिला.

संध्याकाळी गल्लीतली घरं ताटांवर बसली. आकाश गुलाबी झालं, जांभळं झालं. दिवा काही लागेना. टीव्हीवर अजान होऊन गेली, पण टीव्ही राजधानी ट्यूनिसचा, त्याचा सूर्य निराळा. आपल्या मशिदीचे शेख तिजानी दिवा बघूनच अजान देत, आणि तेही अंगणात मान वर करून उभे. शोरबा गार झाला, कुरकुरीत तळलेले ब्रीक मऊ पडले. पहिली चांदणी आली. सगळी गल्ली खजूर हातात धरून तिच्याकडे बघत बसली. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होतं.

"आज सूर्याला कुणाची नजर लागली गं?" सुंदुसच्या आईने विचारलं.

सुंदुसला एकदम आठवलं. मिनारातला संगणक म्हाताराच होता, सोडून दिलेल्या आवृत्तीवरचा. ती लॅपटॉप घेऊन पळत सुटली.

जुनी आवृत्ती परत जोडली असती तर दिवा लागला असता आणि सुट्टीसकट जेर्बा बुडालं असतं. तिने क्षणभर विचार केला, मग दिव्याची तार म्हाताऱ्यातून काढून सरळ आपल्या लॅपटॉपला जोडली. हिरवा उजेड पडला, शेखांचा आवाज चढला आणि गल्लीभर चमचे वाजले.

दुसऱ्या दिवशी, अर्थात दुपारीच, सी लमीननी तिला बोलावलं. त्यांचं घर त्याच गल्लीत.

"काल आमच्याकडे सूर्य निवांत मावळला म्हणे. तुझा लॅपटॉप कुठंय?"

"मिनारात. तिथला संगणक बदलेपर्यंत तिथेच राहणार, सी लमीन. नाहीतर पुन्हा गार शोरबा."

"मग ईदेपर्यंत काम कशावर करणार?"

"तेच म्हणते मी. जेर्बाला जाऊन येऊ ना?"

सी लमीन विचारात पडले. विचार खोल असावा, कारण डोळे मिटले. पंखा फिरत राहिला. मग त्यांची मान अगदी सावकाश छातीपर्यंत खाली आली.

सुंदुसने दार आवाज न करता लोटून घेतलं आणि ताईला फोन लावला. "रजा मंजूर," ती म्हणाली. "एकमताने."